दोन बंदुका आणि एक शिवार

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंहांची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानाच्या सोहळ्यात गोदावरीचे पाणी आणून ती धुतली जातात. सोन्याच्या कामाची कट्यार, तोड्याची बंदूक, पस्तीस बाणांचा भाता, दोन धनुष्ये, रत्नजडित पोलादी ढाल आणि पाच तलवारी असा हा संच सांगितला जातो. श्रद्धेचा विचार बाजूला ठेवून केवळ संच म्हणून त्याकडे पाहिले, तरी एक गोष्ट जाणवते. कट्यार अंगाशी आलेल्या शत्रूसाठी, तलवार हातभर अंतरासाठी, धनुष्य व बंदूक लांबच्या माऱ्यासाठी आणि ढाल स्वतःसाठी. ज्यांचे आयुष्य लढण्यात गेले, त्यांच्या या जपलेल्या संचातही बंदूक एकच आहे.

‘बंदुका मोजक्या असाव्यात, पण सगळ्या कामांना पुरल्या पाहिजेत’ हा विचार जुना आहे. शिकारकथांत तो येतो, शस्त्रांच्या दुकानात गिऱ्हाइकाला ऐकवला जातो, आणि ज्या घरात आजोबांच्या नावाचा परवाना नातवापर्यंत आला आहे तिथे जेवणानंतरच्या गप्पांतही निघतो. कोणती ठेवावी, कोणती विकावी, दुसरी घ्यायची तर रायफल की रिव्हॉल्व्हर? प्रस्तुत लेखात या निवडीच्या भाषेची तपासणी करायची आहे. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या जमिनीवर उभे राहून पाहिले, तर ही भाषा एका संपलेल्या जगातून आलेली दिसते. ते जग शिकारीचे. ते गेले, त्याची यादी मात्र राहिली, आणि त्या यादीमुळे आजचा खरा प्रश्न नजरेआड झाला, असे माझे म्हणणे आहे.

१. नावांचा साक्षीपुरावा

मराठीने बंदुकीला दिलेली नावे आधी पाहू. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून. परके शब्द घेऊन मराठीने पुढे जी वर्गवारी केली ती मात्र स्वतःची आहे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक, काडतुसाची बंदूक, एकनळी, दुनळी. ही सगळी नावे बंदूक कशी पेटते, कशी भरते आणि कशी दिसते ते सांगतात. ती कशासाठी आहे हे एकही नाव सांगत नाही.

यात नवल नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला नमवले, तेव्हा इब्राहिमखानाचे गारदी मराठ्यांच्या बाजूने होते. गारद्याला बंदूक निवडायची नसते, ती त्याच्या हातात दिली जाते. फौजेच्या भाषेत बंदुकीचा हेतू गृहीतच असतो. बंदूक ‘कशासाठी’ या अंगाने विभागली गेली ती इंग्रजी शिकारीच्या काळात. पाखरांची वेगळी, हरणाची वेगळी, वाघाची वेगळी, खिशातली वेगळी. संग्रहाची कल्पना या विभागणीतूनच जन्मली, आणि ‘छोटा पण सर्वोपयोगी संग्रह’ ही त्या कल्पनेची काटकसरी आवृत्ती होय.

२. शिकारकथेतली यादी

ही आवृत्ती मराठी वाचकाला भेटली ती मुख्यतः जिम कॉर्बेटमुळे. चंपावतच्या वाघिणीला मारल्यानंतर १९०७ मध्ये त्याला .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. हलकी, अचूक आणि दिवसभर खांद्यावर बाळगता येणारी. जोडीला .४५०/४०० ची जेफरी दुनळी रायफल. ती जड, पण जवळून अंगावर येणाऱ्या जनावरासाठी भरवशाची. संपूर्ण यादी याहून मोठी असली, तरी वाचकाच्या मनात राहते ती ही जोडी. बंगळूरचा केनेथ अँडरसन तर .४०५ विंचेस्टर या एकाच रायफलीशी जोडला गेला आहे.

या कथा नीट वाचल्या, तर निवडीचे तीन नियम हाती लागतात. पहिला, प्रत्येक बंदुकीचे काम दुसरीपेक्षा वेगळे हवे. दुसरा, जितक्या जातीच्या बंदुका तितक्या जातीची काडतुसे, म्हणून जाती कमी ठेवाव्यात. तिसरा, जी बंदूक हाताला सवयीची तीच वेळेवर कामी येते. नियम शहाणपणाचे आहेत. तरीही कॉर्बेटने बालपणीच्या पहिल्या बंदुकीविषयी जे सांगितले आहे ते या नियमांपेक्षा अधिक बोलके आहे. ती एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक होती, एक नळी फुटलेली, दस्ता पितळी तारेने बांधलेला. एकच बार हाताशी असल्यामुळे नेम धरण्याआधी विचार करण्याची सवय लागते. हे शिक्षण भरलेल्या कपाटातून मिळत नाही.

शिकारकथेच्या या यादीत आपल्याकडे सर्वांत टिकलेली वस्तू म्हणजे बारा बोअरची बंदूक. बोअर हा आकडा गंमतीदार आहे. नळीच्या तोंडाइतक्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर. नळी आतून गुळगुळीत, रायफलीसारखे आटे नाहीत. त्यामुळे एकाच नळीतून बारीक छऱ्यांचे, जाड छऱ्यांचे किंवा एकाच गोळीचे काडतूस उडवता येते. छऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. सहा नंबर तित्तिरासाठी, एलजी-एसजीचे मोजके जाड छर्रे डुकरासाठी. बदलायचे ते काडतूस, बंदूक तीच. ‘सर्वोपयोगी’ या विशेषणाला खरा न्याय देणारी ही एकच वस्तू आहे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट: छऱ्यांचा परिणामकारक पल्ला पस्तीस-चाळीस मीटरचा. आट्यांची नळी असलेली .३१५ रायफल याच्या उलट. तिची गोळी नेम चुकला तर किलोमीटरच्या पलीकडे जाते. हा फरक पुढे शिवारात गेल्यावर फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मराठीपुरते बोलायचे, तर या यादीचा शेवट एका लेखकाने स्वतःच्या वाटचालीतून लिहून ठेवला. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता. पुढे तो सुटला आणि जनावर पाहण्याचा नाद लागला. ‘नागझिरा’ हे त्या पाहण्याचे पुस्तक. आपल्या समीक्षेने या बदलाकडे लेखकाच्या संवेदनशीलतेची खूण म्हणून पाहिले. मला त्यात एका सामाजिक काळाचा बदलही दिसतो. शिकारी जाऊन निरीक्षक आला, पण शिकाऱ्याची बंदूक कुठे गेली, हा प्रश्न साहित्याने विचारला नाही. ती घराघरांच्या कपाटात राहिली, आणि तिचा हिशेब कायद्याने ठेवला.

३. कायद्यातली संख्या

लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. भारतीयाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट, या भेदभावामुळे तो राष्ट्रीय अपमानाचा विषय झाला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला दिला होता. त्याची आठवण देत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा त्या बाबतीतल्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

ही चर्चा दिल्लीत चालू होती तेव्हा लातूर नुकतेच बंदुकीच्या छायेतून बाहेर येत होते. निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले हे बाजाराचे गाव. रझाकारांचा नेता कासिम रझवी इथेच वकिली करीत होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने गावे होरपळली, आणि नंतरच्या सूडात मुसलमान वस्त्या होरपळल्या. सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. मराठवाड्याच्या घरांत बंदूक म्हटल्यावर जी आठवण जागी होते ती शिकारीची क्वचित, रात्रीच्या टोळीची अधिक. म्हणून इथे ‘स्वसंरक्षण’ या शब्दाला वजन आहे, आणि शेजाऱ्याच्या हातातल्या बंदुकीची भीतीही तितकीच खरी आहे. डॉ. आंबेडकरांचा नकार आणि या जिल्ह्यांचा अनुभव शेजारी ठेवून वाचावेत असे मला वाटते.

१९५९ चा शस्त्र कायदा कायदापालक नागरिकासाठी सैल करण्याच्या भूमिकेतून आला. त्यात बंदुकांच्या संख्येवर बंधन नव्हते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन ही कमाल मर्यादा घातली. कायद्याने या तीनचे स्पष्टीकरण काही दिले असो, व्यवहारात ती संख्या शिकाऱ्याच्या यादीत चपखल बसली: एक बारा बोअर, एक रायफल, एक रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली होती, तरी परवान्याने शिकार ही तरतूद कागदावर शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. म्हणजे १९९१ नंतर तीन बंदुकांच्या संचातून शिकारीचा हेतू निघून गेला आणि संख्या तशीच राहिली.

डिसेंबर २०१९ मध्ये संख्या बदलली. विधेयकात आधी ‘एक’ होते, विरोधानंतर ते ‘दोन’ झाले. ज्यांच्याकडे जास्त होत्या त्यांना वर्षभरात जादा बंदूक जमा करावी लागली. वारसाने आलेल्या बंदुकाही याच दोनात मोजायच्या. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. लग्नात-वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी नवी तरतूद आली. जी इतकी जुनी वा मोडकी आहे की दुरुस्त करूनही उडणार नाही, ती शोभेची बंदूक कायद्याबाहेर राहिली.

संसदेतील वाद संख्येभोवती फिरला. एक की दोन की तीन? संख्या मोजायला सोपी असते. हेतू तपासणे अवघड, आणि ते काम जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अर्जाच्या एका रकान्यावर सोपवले जाते.

४. शिवारातला प्रश्न

तो रकाना लातूरच्या शेतकऱ्याने भरला तर तो काय लिहील? ‘पीक संरक्षण’. सोयाबीन उगवून वर आले की हरणे कोवळे शेंडे खातात, शेंगा भरल्या की रानडुकरे वावर उकरतात, तुरीत आणि हरभऱ्यात रोही शिरतात.

कायद्याने या कारणाचा विचार केला आहे. १९५९ च्या कायद्यातील तेराव्या कलमानुसार खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना दिला जातो. ती अपुरी ठरत असेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. ठासणीची बंदूक म्हणजे नळीत दारू ओतायची, बोळा घालायचा, छर्रे घालायचे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचे आणि मग टोपी बसवायची. एक बार झाला की हे सगळे पुन्हा. पावसाळ्यात, म्हणजे नेमके सोयाबीनच्या हंगामात, दारू सादळते. जखमी डुक्कर उलटले तर दुसऱ्या बाराला वेळ नाही. संग्रहशास्त्राच्या कसोटीवर ही सर्वांत निरुपयोगी बंदूक.

आणि तरीही कायद्याची ही निवड मूर्खपणाची नाही. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला आखूड, वेग कमी, लपवणे अवघड. गुन्ह्याला ती नको असते. शिवाय मराठवाड्याचे शिवार डोंगराळ नाही. बहुतेक ठिकाणी सपाट काळी जमीन, गोळी अडवायला टेकडी नाही. कृषिपंपाला वीज अनेकदा रात्री मिळते, म्हणून त्याच शिवारात माणसे अंधारात दारे धरत फिरत असतात, कोणी माळ्यावर झोपलेले असते. अशा ठिकाणी हलणाऱ्या सावलीवर रायफल रोखणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ. ‘लांब पल्ला’ हा शिकारकथेतला गुण इथे दोष होतो.

कायद्याचे खरे दुबळेपण दुसरीकडे आहे. पीक संरक्षणासाठी बंदूक मिळाली, म्हणून जनावर मारण्याची मुभा मिळत नाही. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, जनावराची परवानगी वनखात्याकडून. रानडुक्कर आणि रोही पिकाचे नुकसान करीत असतील तर वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली परवानगी देता येते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये त्यासाठी आदेशही काढला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, पिकाच्या कारणासाठी त्याला मारण्याची वाटच नाही, आणि ते योग्यही आहे. पण परिणाम असा की ज्याच्याकडे बंदूक आहे त्याच्याकडे परवानगी नाही, ज्याला परवानगी हवी त्याच्याकडे बंदूक नाही, आणि दोन्ही मिळेपर्यंत रास झालेली असते. मधल्या फटीत घडते ते भयंकर असते. कुंपणाच्या तारेत सोडलेला वीजप्रवाह जनावराबरोबर माणसालाही मारतो. आमिषात लपवलेला गावठी बॉम्ब डुकराचा जबडा फोडतो आणि गुराख्याचा हातही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ज्या कार्बाइडच्या पाइप-बंदुकीने मुलांचे डोळे गेले, ती शेतातून जनावरे-पाखरे हाकलण्याचे साधन म्हणूनच परिचित आहे.

आता संग्रहाचे ते तीन नियम शिवाराला लावून पाहू. लातूरकडच्या वावरात आज काय दिसते? बांधावर जुन्या साड्यांचे कुंपण. वाऱ्याने हलणारा रंगीत पडदा हरणाला बिचकवतो. सौर बॅटरीवर चालणारे झटका मशीन. ते जनावराला दणका देते, मारत नाही. पाखरांसाठी गोफण आणि बुजगावणे. रात्रीसाठी मोठी बॅटरी, डबा वाजवणे, फटाका. प्रत्येकाचे काम वेगळे, खर्च बेताचा, हाताला सवयीचे. ‘छोटा आणि सर्वोपयोगी संग्रह’ ही व्याख्या शब्दशः पाळणारा संच हाच आहे. उणीव एवढीच की कळपाने येणारे रानडूक साडीला आणि डब्याला लवकर सरावते. तिथे बंदूक लागलीच, तर ती घरोघर लागत नाही. वनखात्याच्या परवानगीसह, गावाला ठाऊक असलेल्या, नेम शिकलेल्या एका माणसाच्या हातातली एक बारा बोअर गावाला पुरते.

५. कपाटातली दुसरी

मग दुसरी बंदूक कशासाठी? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘स्वसंरक्षण’ असे दिले जाते. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहेच. सोनेनाणे घेऊन प्रवास करणारा व्यापारी, एकाकी आखाड्यावर राहणारे कुटुंब यांची भीती खोटी नाही. पण साधन तपासा. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला भीती अधिक तिला ती किंमत परवडत नाही, आणि जिला परवडते तिच्या दाराशी बहुधा राखणदार असतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची खाजगी आयात बंद झाल्यामुळे जुन्या विलायती बंदुकांचे मोल वाढत गेले. त्यामुळे ‘दुसरी’ ही बऱ्याचदा ठेव असते, दागिन्यासारखी.

शिवाय गावातला ताण टोकाला जातो तो निवडणुकीत, आणि आचारसंहिता लागली की छाननी समितीने नावे काढलेल्यांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. धोक्याच्या काळात जी हाताशी ठेवणे प्रशासनालाच धोक्याचे वाटते, तिला संरक्षणाचे साधन म्हणताना थोडे थांबायला हवे. डिसेंबर २०२४ नंतर शेजारच्या बीड जिल्ह्यात हे लख्खपणे दिसले. एका सरपंचाच्या हत्येनंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे पुढे आले, कमरेला पिस्तूल लावलेली आणि हवेत बार काढणारी चित्रे सर्वांनी पाहिली, आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. त्या परवान्यांवरही कुठले ना कुठले कारण लिहिलेले असणारच. बंदुकीने तिथे केलेले काम मात्र त्या कारणात नव्हते. ते काम समोरच्याला गप्प बसवण्याचे.

६. समारोप

‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण आपण माणसांच्या स्वभावासाठी वापरतो. परवान्याच्या पुस्तिकेत दोन बंदुका मात्र सुखाने राहतात, कारण तिथे म्यान म्हणजे हेतू विचारला जात नाही. शिकारकथेने आपल्याला निवडीची भाषा दिली आणि त्या भाषेत एक शिस्त होती: आधी जनावर, मग बंदूक. जनावर कायद्याने वाचवले, हे आपल्या काळाचे मोठे काम. त्याबरोबर यादीही बदलायला हवी होती.

म्हणून परवान्याच्या नूतनीकरणाला, दर पाच वर्षांनी, संख्येऐवजी हेतूची तपासणी व्हावी. पीक संरक्षणाचा परवाना वनखात्याच्या परवानगीशी जोडलेला असावा, एका अर्जावर, एका हंगामात. वारसाने आलेली विलायती दुनळी निकामी करून भिंतीवर ठेवायची वाट कायद्यात आहे. अभिमान तेवढ्याने भागतो. आणि ज्यांना खरोखर निवड करायची आहे त्यांनी दुकानाच्या काचेपाशी उभे राहण्याआधी बांधावर जावे. तिथे साडीचे कुंपण आहे, झटका मशीनचा टिकटिक आवाज आहे, आणि अंधारात पाण्याला दारे धरणारा शेजारी आहे. संग्रहात काय ठेवायचे याचे उत्तर त्या शेजाऱ्याला सुखरूप घरी जाता येते की नाही, यावर ठरावे.